दोन रेघा

हँडल फिरतं आणि स्लाइड हलत नाही.
पाव फेरा नुसता हवेत जातो.
हे काही आजचं नाही. पण आज
पावाचा अर्धा झाला, अर्ध्याचा पूर्ण,
आणि आत काहीतरी बारीक तुटलं,
कोळंबीचं डोकं मोडावं तसा आवाज.

दारात लवू तांडेल उकिडवा बसलेला.
होडी साखरीनाट्याच्या खाडीत ओढून ठेवलेली,
शाफ्ट उघडा, बुश माझ्या बाकावर.
"कवा देतोस?"
म्हटलं, आधी डॉक्टरलाच टेबलावर झोपवायचाय.

खोलायला घेतलं.
हँडल, डायल, ब्रॅकेटचे दोन बोल्ट,
मग स्क्रू, डाव्या आट्यांचा,
सगळं जग सुटतं त्याच्या उलट सुटणारा.
स्लाइड ओढून काढली, मध्यम फणसाएवढी जड.
खाली काळं तेल, खाऱ्या हवेचा तांबूस थर,
पितळेचा भुगा,
आणि जिताड्याचं एक खवलं.
कुणाच्या तरी कोपराला चिकटून आलं असेल.

नटाचे आटे ब्लेडच्या पात्यासारखे,
नखाने वाकतात.
स्क्रूची दोन्ही टोकं कोरी करकरीत,
झिजलाय तो मधला दोन इंच.
बंदरातल्या सगळ्या होड्या
त्या दोन इंचातून आल्या आणि गेल्या.

जिबच्या मागे पत्र्याची पट्टी निघाली.
तुपाच्या डब्याची, कात्रीने कापलेली,
एका बाजूला अर्धी गाय.
हे दाऊद खलफेंचं काम.
मला कधी बोलले नाहीत.
बोलले ते एवढंच:
"बोअर करतास ना, दोन रेघा जास्त घाल.
इचारू नको. घाल."
अठरा वर्षं घालतोय.

लेथ दुरुस्त करायला लेथ लागते.
नट आणि स्क्रू वर्तमानपत्रात गुंडाळून
सहाच्या एसटीने रत्नागिरी, तिथून मिरजोळे.
तिथल्या पोराने कानात गाणी घालून
दुपारपर्यंत नवी जोडी कापून दिली.
वर विचारलं, "काका, नवीन मशीनच का नाही घेत?"
मी नोटा दोनदा मोजल्या.

मग तीन रात्री खरवडणं.
जुन्या कानशीचा स्क्रेपर, निळा रंग.
लावायचा, सरकवायचं, उचलून बघायचं:
निळं लागलं तेवढंच उंच,
तेवढंच काढायचं, केसाइतकं,
की पुन्हा लावायचा.
निळ्या नखांनी भाकरी मोडायला गेलो तर
सुगंधाने न बोलता चमचा पुढे केला.
चौथ्या रात्री ठिपके सगळीकडे पसरले,
भरतीचं पाणी खडपाच्या भोकाभोकात शिरतं तसे.

जोडलं. पट्टी बाहेरच ठेवली.
हँडल एका बोटाने ढकललं
आणि स्लाइड बोटाबरोबर निघाली.
मध्ये काही नाही. हवा नाही,
वाट बघणं नाही.
मला जरा भीतीच वाटली.

लवूचा बुश चकात धरला.
मोजला, कापला, पुन्हा मोजला,
आणि शेवटच्या कटाला
दोन रेघा जास्त घातल्या.

शाफ्ट आत गेला तो पाहुणा शिरावा तसा, ऐसपैस.
हलवला तर खुळखुळला.
लवूने माझ्याकडे बघितलं, मी डायलकडे.
डायल खरं बोलत होती,
बहुतेक माझ्या कारकिर्दीत पहिल्यांदा.

गनमेटलचा दुसरा तुकडा काढला, माझ्या खिशातला.
लवूने बिडी पेटवली. काही बोलला नाही,
हे त्याचं मोठेपण.
पुन्हा सगळं पहिल्यापासून.
शेवटच्या कटाला उजवा हात आपोआप
त्या दोन रेघांकडे निघाला,
आणि मी तो डाव्या हाताने मनगटाशी धरला,
खिशात शिरलेला दुसऱ्याचा हात धरावा तसा.

"बरा हायस ना?" लवूने विचारलं.